विगननं एफए कप जिंकला आणि तीन दिवसांनी खाली गेले. तिथल्या माणसांना कसं वाटलं?

पेठेतला_हाफबॅक:

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. रोज सकाळी साडेसहाला मैदान, आणि पाऊस लागला की तालमीच्या वरच्या खोलीत टीव्हीवर जुन्या मॅचेस. गेल्या रविवारी मैदानाचं तळं झालं होतं, म्हणून पोरांना २०१३ ची एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या राष्ट्रीय बाद फेरीच्या कपची, फायनल दाखवली. विगन अ‍ॅथलेटिक विरुद्ध मँचेस्टर सिटी, निकाल १-०, बेन वॉटसनचा ९१ व्या मिनिटाचा हेडर. पोरांनी बाकं बडवून बडवून खालच्या काकांना वर आणलं.

मग मी पुढचं सांगितलं. ही फायनल ११ मेला झाली आणि १४ मेला हीच टीम आर्सेनलकडून ४-१ हरून प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून, खाली गेली. एकाच हंगामात कपही जिंकला आणि खालीही गेली, असं इंग्लंडमध्ये तोवर कधी झालं नव्हतं. खोली एकदम गप्प. आमचा लेफ्ट बॅक, वय १४, त्यानं विचारलं, "सर, मग कप परत द्यायला लागला काय?" मी म्हणालो, नाही रे बाबा. "मग वाईट कशाला वाटायचं?" दुसरा त्याच्यावर उसळला, "खुळा हैस काय? वरच्या लीगमधनं गेले की!" पुढं अर्धा तास हेच चाललं. मला त्यांना काही नीट सांगता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

माझे प्रश्न दोन. कपाच्या नादात त्यांनी लीग घालवली का? आणि तिथल्या लोकांना खरंच काय वाटलं? कुणी त्या भागात राहिलं असेल तर सविस्तर लिहा. पोरांना वाचून दाखवणार आहे.

---

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक:

मुंबईत रात्री पावणेदहाला सुरू झाली होती ती मॅच. शेवटची मिनिटं मी उभ्यानं पाहिली.

पण सर, तुमचा दुसरा पोरगा बरोबर आहे असं मला वाटतं. पैशाचा हिशेब बघा. फायनल जिंकल्याचं बक्षीस १८ लाख पौंड. आणि पुढच्याच हंगामापासून प्रीमियर लीगचा टीव्हीचा नवा करार सुरू होणार होता. त्या २०१३-१४ च्या हंगामात अगदी तळाला राहिलेल्या कार्डिफलासुद्धा लीगकडून सहा कोटी पौंडांच्या वर मिळाले. विगन नेमकं त्या दारातून आत जायच्या आधी बाहेर पडलं. २०१५ मध्ये आणखी एक पायरी खाली. २०२० च्या जुलैत तर क्लब दिवाळखोरीच्या कारभाराखाली गेला, १२ गुण कापले गेले आणि त्या गुणांपायी परत खाली. एका संध्याकाळच्या आनंदासाठी ही किंमत फार मोठी आहे. मला त्या गावाबद्दल मनापासून वाईट वाटतं.

---

विगनची_फिजिओताई:

सर, मी शिवाजी पेठेतली. माझा भाऊ तालमीच्या टीमचा गोलकीपर होता, त्यामुळं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शेंगदाणे खात मोठी झाले. २०१२ च्या सप्टेंबरात फिजिओथेरपिस्ट म्हणून इथल्या एका हॉस्पिटलात रुजू झाले ती अजून इथंच आहे. त्या हंगामात मी एका आजींच्या घरी भाड्यानं राहत होते. विगन लीगमध्ये (म्हणजे चार डिव्हिजनच्या फुटबॉल लीगमध्ये) नव्हतं तेव्हापासूनच्या त्या प्रेक्षक. त्यामुळं माझं सांगणं बरंचसं त्यांच्या स्वयंपाकघरातलं आहे.

आधी गाव समजून घ्या. विगन हे कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांचं गाव, आणि इथला खरा जीव रग्बीत. फुटबॉल क्लब स्थापन झाला १९३२ मध्ये, आणि अनेकदा अर्ज फेटाळले गेल्यावर लीगमध्ये जागा मिळाली ती १९७८ साली. आजी तो दिवस लग्नाच्या तारखेसारखा सांगायच्या. १९९५ मध्ये डेव्ह व्हेलन यांनी क्लब विकत घेतला तेव्हा टीम सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये होती. त्याच वर्षी स्पेनहून तीन पोरं इथं खेळायला आणली, त्यातला एक रॉबेर्तो मार्तिनेझ. तोच पुढं २०१३ च्या टीमचा मॅनेजर. २००५ मध्ये क्लब प्रीमियर लीगमध्ये पोचला आणि आठ वर्षं टिकला. त्या आठांतली बहुतेक वर्षं शेवटच्या आठवड्यापर्यंत जीव मुठीत धरून. म्हणजे खाली जायची भीती इथं दर वर्षी एप्रिल-मेमध्ये यायचीच, जसा आपल्याकडं वळीव येतो.

आता तो हंगाम. ५ जानेवारीला तिसऱ्या फेरीत बोर्नमथ आमच्या मैदानावर. आजींची मैत्रीण आजारी होती म्हणून तिचं तिकीट मला मिळालं. इंग्लंडमधली माझी पहिली मॅच. थंडीनं बोटं सुन्न, आणि आजूबाजूला रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. १-१ बरोबरी. बोर्नमथ तेव्हा दोन पायऱ्या खालची टीम होती आणि आमच्याइतकंच चांगलं खेळली. त्या काळी बरोबरी झाली की पुन्हा सामना व्हायचा, समोरच्यांच्या मैदानावर. तिकडं जाऊन मौरो बोसेलीच्या एका गोलवर आम्ही १-० निसटलो. चौथ्या फेरीत मॅकल्सफील्ड, ते तर पाचव्या पायरीवरचे. तिथंही १-०, जॉर्डी गोमेझची पेनल्टी. कुणी सांगितलं असतं की हा प्रवास वेम्बलीला चाललाय, तर मी विश्वास ठेवला नसता.

मार्चमध्ये मात्र काहीतरी बदललं. एव्हर्टनच्या मैदानावर उपांत्यपूर्व सामना. मी आणि आजी रेडिओ लावून कणीक मळत होतो (त्यांना पोळ्या शिकायच्या होत्या). तिसाव्या मिनिटाला फिगेरोआचा हेडर. आम्ही ओरडतोय तोवर मॅकमनमनचा दुसरा. आजींनी पिठाच्या हातानं रेडिओचा आवाज वाढवला आणि गोमेझचा तिसरा. चार मिनिटं पुरी व्हायच्या आत ३-०, तेही एव्हर्टनच्या घरात! त्या रेडिओच्या बटणावर पीठ सुकून राहिलं होतं, ते त्यांनी कधी पुसलं नाही. एप्रिलमध्ये वेम्बलीवर मिलवॉलला २-० हरवलं आणि क्लब पहिल्यांदाच या कपच्या फायनलला गेला.

आता तुमचा पहिला प्रश्न, कपाच्या नादात लीग घालवली का? नाही. मी त्या महिन्यांत इथं होते, म्हणून ठामपणे सांगते. लीगमध्ये आम्ही ३८ सामन्यांत ७३ गोल खाल्ले. ते काही कपाच्या सात सामन्यांनी खाल्लेले नव्हेत, ऑगस्टपासूनचे आहेत. बचाव फळी वर्षभर जखमी होती. एक बॅक बरा होऊन परत यायचा आणि दुसरा स्ट्रेचरवर जायचा. माझ्या धंद्यामुळं माझं लक्ष सारखं तिकडंच असायचं. फायनलच्या चार दिवस आधी, ७ मेला, स्वान्झीविरुद्ध घरच्या मैदानावर दोनदा पुढं जाऊन ३-२ हरलो. खरं खाली गेलो ते त्या रात्री. आजी घरी येऊन कोट न काढता खुर्चीत बसून राहिल्या.

फायनलला मी गेले. पहाटे बसनं निघालो, पाई-पेस्ट्रीच्या पिशव्या आणि निळे-पांढरे मफलर. मी बरोबर शंकरपाळ्यांचा डबा घेतला होता, बर्मिंगहॅम यायच्या आत संपला. आपली टीम मैदानात येताना मार्तिनेझच्या बरोबरीनं पुढं चालत होते स्वतः डेव्ह व्हेलन, वय ७६. आणि इथं मला थांबून लिहायचंय. १९६० च्या एफए कप फायनलमध्ये हेच व्हेलन ब्लॅकबर्नकडून जुन्या वेम्बलीवर खेळत होते आणि त्यांचा पाय मोडला. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोयच नव्हती. ब्लॅकबर्न दहा जणांत खेळलं आणि वुल्व्ह्जकडून ३-० हरलं. व्हेलन पुन्हा त्या दर्जाचं फुटबॉल खेळू शकले नाहीत. बाजारात गाळा टाकून धंद्याला सुरुवात केली. त्रेपन्न वर्षांनी ते त्याच जागी बांधलेल्या नव्या वेम्बलीवर टीम घेऊन चालत आले. मी रोज मोडलेले पाय बघते. माणूस बरा होतो, पण जिथं पाय मोडला त्या जागी परत पाऊल टाकताना प्रत्येकाचा चेहरा बदलतो. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी मोठ्या पडद्यावर पाहिला.

आणि वॉटसन! त्याचाही पाय मोडला होता, नोव्हेंबर २०१२ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध. सहा महिन्यांच्या आत तो मैदानावर परतला. फायनलला सुरुवातीच्या अकरात नव्हता, ८१ व्या मिनिटाला उतरला. दहा मिनिटांत मलोनीचा कॉर्नर आला आणि तो जवळच्या खांबाशी धावत येऊन उडाला. पायाचं हाड मोडल्यावर उडी मारायचं भय सगळ्यात शेवटी जातं, हे मी माझ्या पेशंटांना आजही सांगते. आणि त्याच उडीनं कप आला.

नशीब म्हणाल तर तेही नाही. मॅकमनमननं सिटीच्या डाव्या बॅकला, क्लिशीला, पूर्ण मॅचभर हैराण केलं. त्यालाच अडवताना झाबालेताला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि सिटी दहा जणांत आली. मलोनीची एक फ्री किक आडव्या खांबावर लागली. आमचा गोलकीपर रोब्लेस, अ‍ॅटलेटिको माद्रिदकडून उसना आलेला, त्यानं तेवेझचा फटका पडता पडता पायानं अडवला. पाऊस पडत होता, बॉल सरसर पळत होता, आणि पासांचं फुटबॉल आम्ही खेळत होतो. सिटीनं दोनच दिवसांनी मॅनेजर मान्चिनीला काढलं. बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला त्यानं त्यांना लीग जिंकून दिली होती.

मंगळवारी आर्सेनल. माझी रात्रपाळी होती. मलोनीनं फ्री किकवर १-१ केलं तेव्हा वॉर्डमधल्या एका म्हाताऱ्या खाणकामगारानं मला हाक मारून सांगितलं. नंतर त्यानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहाटे त्याच्या गुडघ्याचा व्यायाम घेताना तो म्हणाला, "आमच्या बापानं हे बघायला हवं होतं." मला वाटलं आर्सेनलबद्दल बोलतोय. तो शनिवारबद्दल बोलत होता.

लीग संपल्यावर उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. खाली गेलेल्या टीमची मिरवणूक. रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. रग्बीचे जर्सी घातलेली माणसंसुद्धा आली होती. आणि कूपरेजदादा, गंमत अशी की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विगनच्या रग्बी टीमनं चॅलेंज कप जिंकला, हलविरुद्ध १६-०. एकाच गावात एकाच वर्षी दोन्ही खेळांचे राष्ट्रीय बाद फेरीचे कप.

---

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक:

ताई, व्हेलन यांचा १९६० चा किस्सा मला ठाऊक होता, पण वॉटसनच्या पायाशी मी कधी जोडला नव्हता. मनापासून आभार.

तरी माझा मुद्दा सोडवत नाही. २०२० मध्ये तुमच्या आजींचा क्लब बुडायच्या बेतात होता. तेव्हाही त्यांना तो कप मोलाचा वाटला असता का?

एक भर घालतो. तो अख्खा हंगामच लहान टीमचा होता. २६ जानेवारीला लुटन, जे लीगच्या बाहेर होते, त्यांनी नॉर्विचला त्यांच्या मैदानावर १-० हरवलं. लीगबाहेरच्या टीमनं अव्वल डिव्हिजनच्या टीमला हरवलं ते १९८९ नंतर पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी ओल्डहॅमनं लिव्हरपूलला ३-२. फेब्रुवारीत ब्लॅकबर्ननं आर्सेनलला त्यांच्या घरी. सर, तुमच्या पोरांना लुटनची मॅचही दाखवा. तीच लुटन दहा वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये पोचली.

---

विगनची_फिजिओताई:

आजी २०१७ मध्ये गेल्या, म्हणून २०२० बद्दल त्यांच्या तोंडून सांगता येणार नाही. मी माझं सांगते. त्या उन्हाळ्यात लोकांनी क्लब वाचवायला वर्गणी गोळा केली. आमच्या हॉस्पिटलातल्या सफाई करणाऱ्या बायकांनी दिली, मी दिली. वर्गणी देताना एकानंही "खाली गेलो तिथूनच हे लागलं" असं म्हटलं नाही. दुकानांच्या काचांवर लोकांनी चिकटवले ते २०१३ चे फोटो.

पैशाचा हिशेब तुमचा खरा आहे, तो मी खोडत नाही. इथं लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तेही पाहिलं. फक्त तो कपाच्या खात्यावर लिहू नका. कप हरलो असतो तरी मंगळवारी आर्सेनलनं चारच मारले असते, आणि मग आमच्या हातात ३६ गुण आणि अठरावा नंबर, एवढंच उरलं असतं.

एका गोष्टीचं मात्र मला खरंच दुःख आहे. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढचे पुन्हा होणारे सामने बंद केले. बरोबरी झाली की त्याच रात्री जादा वेळ आणि पेनल्ट्या. मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकात जागा नाही म्हणे. पण २०१२-१३ च्या त्या हंगामात ओल्डहॅमनं एव्हर्टनशी शेवटच्या क्षणाला २-२ केलं, ब्रेंटफर्डनं चेल्सीशी २-२ केलं, म्हणून त्यांना मोठ्या मैदानावर दुसरा सामना आणि गेटचे पैसे मिळाले. लहान क्लबाचं वर्ष त्या एका सामन्यावर निघायचं. आम्हीसुद्धा बोर्नमथच्या दुसऱ्या सामन्यातूनच पुढं गेलो. हे काढून घ्यायला नको होतं.

---

पेठेतला_हाफबॅक:

ताई, काल सकाळी मैदान सुकलं होतं तरी आधी पोरांना मंडपाखाली बसवून तुमचं सगळं वाचून दाखवलं. पिठाच्या हाताचा रेडिओ आला तेव्हा हसली. खाणकामगार आला तेव्हा कुणी हललं नाही.

ज्याच्या डोक्यात लीग होती तो म्हणाला, "पण सर, खाली जायला नकोच होतं." बरोबर आहे त्याचं, मीही तेच म्हणालो. लेफ्ट बॅकला दुसरंच पडलं होतं. त्याचा गेल्या वर्षी घोटा मोडलाय आणि तेव्हापासून तो हेडरला जातच नाही, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. त्यानं विचारलं, "वॉटसननं सहा महिन्यांत उडी मारली ती कशी? आधी काय केलं असेल?"

एवढं जमलं तर सांगा. घोटा बरा आहे असं डॉक्टर म्हणतात. भीती आहे ती.

---

विगनची_फिजिओताई:

वॉटसनचे व्यायाम मला माहीत नाहीत, पण अशा पोरांबरोबर मी काय करते ते सांगते. पहिले दोन आठवडे बॉल नको. दोन्ही पायांवर जागच्या जागी लहान उड्या, उतरताना गुडघे मऊ, आवाज न करता. मग मोडलेल्या पायावर एकट्यानं उभं राहायचं, अर्धा मिनिट, डोळे उघडे. ते जमलं की डोळे मिटून. मग एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायचं. दुखलं किंवा सूज आली तर तिथंच थांबून डॉक्टरांना दाखवायचं. बॉल आणायचा तो हातानं, तुम्ही समोर उभं राहून अलगद वर टाकायचा, म्हणजे त्याला फक्त कपाळ लावायला लागेल. आसपास दुसरं कुणी नको. टक्कर होण्याची भीती घालवायची पाळी त्यानंतर येते.

त्याला सांगा, पुढच्या डिसेंबरात मी घरी येतेय. तालमीत येऊन त्याचा घोटा स्वतः बघते. आणि कॉर्नर मी टाकणार, माझ्या भावाला गोलात उभा करून.